उरलेले सुटे

पोदेर भोंपू वाजवून निघून जायचा
आणि आमचे उंडे राहायचे त्याच्या पाटीत.
तीनदा असं झालं, तेव्हा एका रात्री
दार लोटून, चष्मा लावून, मोबाइलवर लिहिलं :
कानाचं यंत्र, बाहेरून न दिसणारं.
पाचच मिनिटं. कुणाला बोललो नाही.
अख्खं खोर्ली झोपलेलं.

चौथ्या दिवशी सुगंधा
फोनवर मरणाच्या जाहिराती वाचत होती
(रोज वाचते, चहाबरोबर)
आणि दोन श्रद्धांजल्यांच्या मध्ये
तिच्या खांद्यावरून मला दिसलं माझंच यंत्र,
कातडीच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं,
आजच घेतल्यास चाळीस टक्के सूट.
तिनं अंगठ्यानं ते वर सारलं.
मेलेले पुढे सरकले.

त्या दिवसापासून ती माझ्या उजव्या बाजूला बसते.
बोलली काहीच नाही. नुसती बाजू बदलली.

खरी गंमत पुढेच.
माझ्या फोनवर पोहण्याचे कपडे येऊ लागले.
बायकांचे. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंत,
मोठ्या मापाचे, निळे, एकावर फुलं.
मी कदंबमधून निवृत्त झालेला माणूस,
देवळाच्या कमिटीवरचा,
फोन पालथा घालून बसू लागलो.
रुद्रेश नुसता जवळून गेला तरी छातीत धडधड,
पोरगा काय म्हणेल बापाला!

भाच्याला विचारलं, आडून.
तन्वेश हसला : "मामा, घरात वायफाय एक.
एकानं काही बघितलं
की ते सगळ्यांच्याच मागे लागतं."
एकानं.
घरात माणसं तीन.
रुद्रेशला निळी फुलं कशाला लागतील?

छप्पन्न वर्षांची सुगंधा.
जन्म चोडणचा, चारी बाजूंनी पाणी,
फेरीबोटीतून उतरताना
अजून माझा दंड घट्ट धरते.

एकतीस वर्षं म्हापसा-साखळी केली मी.
कोण कुणाशेजारी बसतं,
कोण एक थांबा आधी उतरून मागे बघत चालू लागतं,
कुणाच्या पिशवीतून एक्स-रे डोकावतो,
कोण रडून सुजलेल्या डोळ्यांनी
पोराचं अर्धं तिकीट मागतं माहेरचं,
सगळं दिसायचं.
मी तिकीट फाडायचो आणि शिट्टी मारायचो.
सुटे नसले तर तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहायचो,
उतरताना ज्याचे त्याला.
हा कोण नवा कंडक्टर,
जो एकाचे सुटे दुसऱ्याच्या हातावर ठेवतो
आणि वर म्हणतो, सूट आहे?

तन्वेशनं मग शेजारी बसून दाखवलं :
'स्वीकारा' हिरवं, ठसठशीत, बोटाखाली आपसूक येणारं,
'नाकारा' कोपऱ्यात, करडं, मुंगीएवढं.
बसमधल्या तक्रारवहीसारखं,
असायची ती, फक्त किल्ली सापडायची नाही.
माझ्या फोनवरचं सगळं पुसून घेतलं.
"मामीचाही आणा," तो म्हणाला.
म्हटलं, नको. तो तिचा.

यंत्र शुक्रवारी घेतलं, बाजार करून येताना,
रोख मोजून.
दुकानातल्या पोरीनं मोबाइल नंबर विचारला.
म्हटलं, देत नाही.
"सगळे देतात, अंकल."
देत असतील.

परवा संध्याकाळी मी बांगडे साफ करत होतो.
ती आली, खांद्याला पिशवी,
केस ओले, अंगाला औषधी पाण्याचा वास,
डोळे थोडे लाल.
"बाजारात गेलेले," म्हणाली.
अगदी हळू म्हणाली, आणि मला नीट ऐकू आलं.
"गर्दी होती?" मी विचारलं.
"बायका होत्या चार," ती म्हणाली, "आणि पाणी तुंबलेलं.
छातीपर्यंत."

मग पाट ओढला
आणि बसली येऊन
माझ्या डाव्या बाजूला.